मैना आणि मेंदी

डिसेंबर उजाडला की आमच्या भागात संमेलनांचा हंगाम सुरू होतो. भात मळून झालेलं असतं, जत्रा-यात्रा अजून लांब असतात, आणि कडोली, येळ्ळूर, उचगावपासून पार आडबाजूच्या लहान गावांपर्यंत मराठी साहित्य संमेलनाचे मांडव पडतात. सकाळी ग्रंथदिंडी, तिच्यापुढं लेझीम, मागे डोईवर कळशी आणि तुळस घेतलेल्या बायका, मग उद्घाटन, मग अध्यक्षांचं भाषण (ते लांबणारच), मग जेवण, दुपारी कथाकथन, आणि सगळ्यांत शेवटी, माणसं सतरंजीवरून उठून चपला शोधायला लागली की, कविसंमेलन. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हे सगळं बघून चकित होतात. एवढ्याशा गावात संमेलन कसं काय, असं विचारतात. आपण अजून इथं आहोत याची ही वर्षाकाठची हजेरी असते, हे त्यांना समजावून सांगायला वेळ लागतो.

गेल्या जानेवारीत अशाच एका गावच्या कविसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. आठ दिवस आधी संयोजकांचा फोन आला. "सर, नवीन पोरं आणा यंदा. पण कविता सीमाप्रश्नावरच्या असू देत हं. गाव कडवं आहे आपलं." मी बरं म्हटलं. माझ्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्गातली एक मुलगी चांगलं लिहिते. तिला कविता घेऊन यायला सांगितलं.

तिची आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बायका हाताला राख नाहीतर गोडं तेल चोळून बसतात, तरी बोटं काळी पडतातच आणि सालपटं निघायची ती निघतातच. मुलीच्या कवितेत एवढंच होतं: आई तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मला हात लावत नाही. दोरीवरचा ड्रेस काढायचा झाला तर चिमटीत कागद धरून काढते. आणि महिन्याला रेशनच्या दुकानात जाऊन यंत्रावर अंगठा ठेवते, तेव्हा यंत्र तिला ओळखत नाही. ती पदराला बोट पुसते, परत ठेवते. यंत्राच्या मते ही ती बाई नव्हेच. दुकानदार म्हणतो, थंब लागेना, उद्या या.

मी कविता वाचली. "छान आहे," म्हटलं. आणि पुढं म्हटलं, "पण यात सीमाप्रश्न कुठं आहे?"

ती गप्प बसली. मग मीच शेवटी दोन ओळी सुचवल्या. त्या इथं देत नाही, लाज वाटते. 'रक्त' या शब्दाशी यमक कशाचं जुळवलं असेल ते वाचकांनी ओळखलं असेलच. मुलीनं त्या निमूटपणे लिहून घेतल्या, संमेलनात वाचल्या आणि मांडव टाळ्यांनी दणाणला. संयोजकांनी मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. रात्री परतताना टेम्पोत ती माझ्या समोरच्या फळीवर बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, टाळ्या तुमच्या ओळींना पडल्या."

या वाक्याला आता वर्ष होत आलं. सतरा वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला एखादं वाक्य इतकं लागावं याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. नंतर नवल वाटेनासं झालं, कारण ते खरं होतं.

आमच्या स्टाफरूममध्ये एक स्नेही आहेत, अर्थशास्त्र शिकवतात. त्यांना हा प्रकार सांगितला तर ते म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, कवीनं राजकारणाच्या वाटेला जाऊच नये. चंद्र-चांदणं, पाऊस-पाणी बरं." हे उत्तर सोपं आहे, पण बेळगावात बसून देता येत नाही. संयुक्त महाराष्ट्राची मागणी एखाद्या राजकीय पक्षाच्या अधिवेशनात नव्हे, इथंच, १९४६ च्या मे महिन्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात ठरावाच्या रूपानं पुढं आली. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, म्हणजे कादंबरीकार आणि संपादक. त्यानंतर दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, ज्या गावात तो ठराव झाला तेच गाव म्हैसूर राज्यात गेलं. आज महाजन आयोगाच्या अहवालाला पन्नासहून अधिक वर्षं झाली, २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या दाव्याला वीसहून अधिक. ज्या गावात साहित्यिकांनीच राजकारणाचा नारळ फोडला तिथल्या कवीला राजकारण सोड म्हणणं म्हणजे नदीकाठच्या माणसाला पाण्यात उतरू नकोस म्हणण्यासारखं आहे. उतरणारच तो. प्रश्न आहे तो पोहता येतं का, एवढाच.

पोहणारा माणूस म्हटला की मला पहिल्यांदा अण्णाभाऊ साठे आठवतात.

अण्णाभाऊंचा जन्म १९२० चा, वाटेगावचा. शाळा म्हणावी तर दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले, गिरणीत काम केलं, कम्युनिस्ट पक्षात आले, आणि १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. म्हणजे राजकीय निष्ठा ही काही त्यांच्या कवितेला बाहेरून लावलेली झालर नव्हती. तो माणूस उघड उघड, छातीवर बिल्ला लावून, पक्षाचा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजानं ती घराघरात नेली. आमच्या भागात ती माहीत नसलेला माणूस पन्नाशीच्या पुढं तरी सापडायचा नाही.

ही छक्कड मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना एक प्रश्न घालतो. बेळगाव आणि कारवारचं नाव या रचनेत कितव्या मिनिटाला येतं? पोरं कान देऊन ऐकतात आणि थकतात. कारण ते नाव येता येत नाही. पहिल्यांदा येते ती बाई. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा आणि गावात राहिलेली त्याची मैना. तिचं रूप, तिचा रंग, तिचं बोलणं, अंगावर नसलेले दागिने, निघताना त्यानं दिलेली वचनं आणि तिची झालेली दशा. एवढं सगळं तो गडी सावकाशीनं सांगतो. मग मुंबई येते आणि ती कशी येते ते बघण्यासारखं आहे. मोटारगाड्या, तलम साड्या, सगळा झगमगाट येतो, आणि त्याच यादीत ऐतखाऊ आणि शिरजोर येतात, कष्टानं मरणारे येतात. मग लढा येतो. आणि मग कुठं अगदी शेवटाकडं तो गडी म्हणतो की माझी आणि मैनेची जशी ताटातूट झाली तशीच गत या तुटलेल्या महाराष्ट्राची झाली, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावची नावं घेतो.

ठराव लिहिणारा माणूस बेळगावपासून सुरुवात करील. तसंच करायला हवं, ठरावाचं ते कामच आहे. अण्णाभाऊंनी आधी बाई मागं ठेवली. ऐकणाऱ्याच्या घशात तिथंच काहीतरी अडकलं. नंतर बेळगावचं नाव आलं तेव्हा ते नकाशावरून आलं नाही, त्या अडकलेल्या आवंढ्यातून आलं.

माझी आजी याची साक्षीदार. आजोबा लग्नानंतर चार वर्षं मुंबईच्या गिरणीत होते, आजी गावात. पुढं ते परत आले आणि १९५८ च्या सीमा सत्याग्रहात जाऊन आले. आमच्या घरी ही छक्कड लागली की ते ताठ बसायचे आणि गावांची नावं यायची वाट बघायचे. आजी मात्र पहिल्या कडव्यालाच डोळ्याला पदर लावायची. एकदा मी तिला विचारलं, "आजी, तुला बेळगावचं ऐकून वाईट वाटतंय काय?" ती म्हणाली, "बेळगाव हितंच हाय की रे, कुठं जातंय? ती बाई एकटी ऱ्हायली बघ." मग थोडं थांबून म्हणाली, "त्येंचं खरं हाय म्हणा. तोडल्यावर तसंच वाटतंय." लढ्यावरच्या शंभर भाषणांनी तिला जे पटलं नसतं ते एका वाक्यात पटलं होतं, आणि पटवणारा होता तो वाटेगावचा कम्युनिस्ट.

तर मग अण्णाभाऊंचा मार्क्सवाद या छक्कडीत कुठं आहे? नुसता प्रांताभिमान असता तर मुंबई ही आमची, सोन्याची, अशी आरती झाली असती. तशी ती पूर्वी झालीही होती. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी लिहिली, ती मुंबईच्या थाटामाटाची. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी लिहिली. तिच्यात मलबार हिलची श्रीमंती आहे आणि लगोलग परळच्या कामगारांची वस्ती आहे. शहर तेच, लावणी तीच. बापूराव माझेही लाडके, ते कमी नव्हेत. पण अण्णाभाऊ जिथं उभे होते तिथून परळ दिसत होतं. राजकीय निष्ठेचं कवितेतलं काम बहुधा एवढंच असावं: कवीला कुठं उभं राहायचं ते सांगायचं. तिथून पुढं बघायचं काम डोळ्यांचं.

याचा अर्थ निष्ठेनं कवीचं नुकसान होतच नाही असं कुणी समजू नये. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, तो त्या काळी गाजला. त्यांच्या पक्षाची त्या युद्धातली जी भूमिका होती तीच त्यात आहे. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले, परत आल्यावर 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. पुस्तक गोड आहे, एका गरीब माणसाला परदेशात मिळालेल्या मानाचा आनंद त्यात आहे. पण तिथल्या व्यवस्थेत काही खोट असेल ही शंका कुठं नाही. १९९१ साली सोव्हिएत संघच राहिला नाही. आता तो पोवाडा अभ्यासक वाचतात. 'स्मशानातील सोनं' ही कथा मात्र मी दर वर्षी वर्गात वाचतो आणि दर वर्षी वर्ग चिडीचूप होतो. खाण बंद पडल्यावर पोटासाठी मसणातली राख चाळणारा, मढ्यांसाठी कोल्ह्यांशी झुंजणारा भीमा त्यात आहे. पक्षाचं नाव नाही. लेखक तोच, निष्ठा तीच. पोवाड्यात ती निष्ठा दुरून आलेल्या बातमीवर उभी होती, कथेत बोटांवर.

बोटं म्हटल्यावर मला परत ती मुलगी आठवते. पण त्याआधी सुर्व्यांचं थोडं सांगतो.

नारायण सुर्वे हेही मार्क्सला मानणारे. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी त्यांना सांभाळलं, वाढवलं. पुढं ते शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चं, 'माझे विद्यापीठ' १९६६ चं. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची मार्क्सवरची कविता काढून बघा. एवढा मोठा तत्त्वज्ञ, त्याच्यावर कविता लिहायची म्हटली तर कुणीही स्तोत्र लिहील. सुर्वे त्याला संपाच्या गर्दीत भेटवतात. गेटवर सभा चाललेली, आणि हा दाढीवाला म्हातारा मागं उभा राहून ऐकतोय. शेवटी तो कवीशी बोलतो काय, तर कवितेविषयी! आपल्यालाही गटे आवडायचा असं सांगतो. वाचताना हसू येतं. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याला हसतमुखानं दारात उभं करता येणं ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या सीमाभागातल्या कवितेत हुतात्मे येतात, शिवराय येतात, भगवा येतो, पण त्यांतलं कुणी कधी हसत नाही आणि कुणी कुणाची विचारपूस करत नाही. (यात माझ्याही कविता आल्या. दोन संग्रह आहेत, दोन्ही वडिलांनी विकत घेतले.)

आता दुसऱ्या टोकाचं. ज्या वर्षांत मुंबईत अण्णाभाऊंची मैना गाजत होती त्याच वर्षांत आमच्या बेळगावात एक फार मोठी कवयित्री राहत होती. इंदिरा संत. जन्म १९१४ चा, लहानपण निपाणीजवळच्या तवंदीचं, आणि पुढचं आयुष्य बरंचसं बेळगावात, शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात. पती ना. मा. संत १९४६ साली गेले, मुलं लहान होती. 'शेला' १९५१ साली आला, 'मेंदी' १९५५ साली, 'मृगजळ' १९५७ साली. या शेवटच्या दोन तारखांच्या मध्ये १ नोव्हेंबर १९५६ येते. गावात हरताळ, मोर्चे, लाठ्या, तुरुंग. आणि या दोन संग्रहांत त्यातलं काही नाही. गेलेला माणूस आहे, रिकामं घर आहे, पाऊस आहे, रात्र आहे. सीमाप्रश्न शोधून सापडत नाही.

दर वर्षी एखादं तरी पोर मला विचारतंच, "सर, बाई इथंच होत्या की. मग त्यांनी लढ्यावर का लिहिलं नाही?" माझं उत्तर अनेक वर्षं ठरलेलं होतं. मी सांगायचो की बेळगावात राहून इतकं नितळ मराठी लिहीत राहणं हीच त्यांची लढाई होती. टाळ्या पडायच्या. अलीकडं हे उत्तर मी बंद केलं आहे. कारण त्यात मी इंदिराबाईंना तेच करत होतो जे त्या मुलीच्या कवितेला केलं. त्यांच्या कवितेला माझ्या दोन ओळी शेवटी चिकटवत होतो. बाईंनी ती कविता मराठीच्या रक्षणासाठी लिहिली नाही. गेलेल्या माणसासाठी लिहिली, किंवा स्वतःसाठी. तिच्या हातात परस्पर झेंडा द्यायचा अधिकार मला कुणी दिला?

मग दुसरं उत्तर काय? ते मला अजून पुरतं सापडलेलं नाही. पण एक दिसतं. घरात मरण घडलेलं असताना माणसाचं सगळं ध्यान तिथंच असतं. दारावरून मोर्चा जातो, त्यातल्या घोषणा त्याला पटतातही, कदाचित तो उठून मोर्चात जाऊनही येतो. पण लिहायला बसलं की हात दुसरीकडंच जातो. जी गोष्ट पटली आहे आणि जी गोष्ट अंगात मुरली आहे, त्यांच्यात अंतर असतं. अण्णाभाऊंच्या अंगात ताटातूट मुरलेली होती, गाव सोडून मुंबईला जाणं त्यांनी स्वतः पायांनी केलं होतं, म्हणून त्यांना सीमेची ताटातूट लिहिता आली. पटलेलं सगळंच लिहायला घेतलं की काय होतं ते आमच्या कविसंमेलनांत दर जानेवारीत ऐकायला मिळतं.

आणि इंदिराबाई फक्त आपल्या दुःखात बसून राहिल्या असंही नव्हे. पुढं त्यांनी 'मालनगाथा' लिहिली. जात्यावर दळता दळता बायकांनी जे गायलं ते त्यांनी गोळा केलं, त्यातली ती निनावी मालन कोण, तिचं माहेर काय, तिचं सासर काय, तिला बोलायचं काय आहे, हे ओवी ओवी लावून सांगितलं. एका शिकलेल्या, मानाच्या कवयित्रीनं आपली कविता बाजूला ठेवून निरक्षर बायकांची कविता इतक्या आदरानं वाचावी, यात भूमिका नाही असं कोण म्हणेल? तिला नाव द्यायचं झालं तर मात्र मी अडखळतो. आणि नाव न दिलेलंच बरं, असं वाटतं.

सीमाभागातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती थोडी कडू लागेल. हिंडलगा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन येतं, तिथलं हुतात्मा स्मारक येतं. त्याच हिंडलग्याच्या तुरुंगात १९३२ साली एका कवीला एका कवितेपायी ठेवलं होतं. कवितेचं नाव 'नरबली', सरकार इंग्रजांचं, आरोप राजद्रोहाचा. कवी होते द. रा. बेंद्रे. मातृभाषा मराठी, कविता कन्नड. पुढं १९७३ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, आणि मराठीतलं त्यांचं 'संवाद'ही आहे. आमच्या संमेलनांत बेंद्र्यांचं नाव मी फार क्वचित ऐकलं आहे. ते 'त्यांचे' झाले म्हणून की काय कोण जाणे. पण कवितेतल्या भूमिकेची किंमत मोजणारा माणूस शोधायला निघालो तर तो आपल्या गावापासून चार मैलांवर सापडतो, आणि त्याच्या घरात मराठी बोलली जात होती. हे एवढं तरी आपल्या मुलांना ठाऊक असावं.

आता पुन्हा त्या मुलीकडं येतो.

कॉलेज उघडल्यावर मी तिला बोलावलं आणि सरळ सांगितलं की त्या दोन ओळी माझी चूक होती, त्या काढून टाक. आणि मूळ कविता परत वाचायला मागितली. शांतपणे वाचली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी तिला विचारलं होतं, यात सीमाप्रश्न कुठं आहे. अहो, एक बाई स्वतःच्या अंगठ्यासकट दुकानात उभी आहे आणि यंत्र म्हणतंय ही तू नव्हेस. आपण इथं जन्मलो, इथं राबलो, तरी कागद आपल्याला ओळखत नाही, हे दुःख ज्या भागानं सत्तर वर्षं सोसलं, त्या भागातल्या मराठीच्या मास्तराला ती ओळ वाचून काहीच वाटू नये? मी घोषणा शोधत होतो, म्हणून मला अंगठा दिसला नाही. मुलीला कदाचित हे काही म्हणायचं नव्हतंही. तिला आईची बोटं लिहायची होती. तेव्हा हाही अर्थ मी तिच्यावर लादला नाही. एकदा हात पोळले होते.

कविता आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लावायची ठरलं. ती म्हणाली, आधी आईला वाचून दाखवते. मला बरं वाटलं. म्हटलं, दाखव.

दुसऱ्या दिवशी आली ती जरा गोंधळलेली. आईनं सगळी कविता ऐकून घेतली म्हणे. युनिफॉर्मचं ऐकून हसली. काजूच्या तेलाचं ऐकून "एवढं सगळं बघत हुतीस व्हय ग" म्हणाली. पण रेशन दुकानापाशी आली आणि थांबली. "ह्ये काढ," म्हणाली. "दुकानदाराचा पोरगा तुमच्याच कॉलेजात हाय. म्हयन्याला तिथंच जायचं असतंय मला. तांदूळ तू आणून देणार हैस काय?"

मुलीनं कागद माझ्या टेबलावर ठेवला. दुकानदाराच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती, खोडलेली नव्हती.

"ठेवू की काढू, सर?"

सतरा वर्षांत मी मुलांना किती सल्ले दिले याची गणती नाही. अण्णाभाऊ काय म्हणाले असते, सुर्वे काय म्हणाले असते, यावर मी तासभर बोलू शकलो असतो. ते दोघेही उपाशी राहून लिहीत होते, पण उपाशी राहणारे ते स्वतः होते. इथं तांदूळ आईचा होता.

"हे मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तू आणि आई मिळून ठरवा."

ती कागद घेऊन गेली. भित्तिपत्रक सोमवारी लागतं. परवा संयोजकांचा फोनही येऊन गेला, यंदाच्या संमेलनासाठी. मी तिचं नाव दिलं आहे. कविता कुठली, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ती आणील ती.